४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ : एका संख्येच्या पोटात काय काय दडलंय

४,२९,४९,६७,२९७. दहा अंकी संख्या, पहिल्यांदा बघितली तर कोणाचा तरी फोन नंबर असेल असंच वाटतं. पण मला विचाराल तर माझ्या सगळ्यात आवडत्या संख्यांपैकी ही एक आहे, कारण हिच्यामुळे ९२ वर्षं टिकलेली एक समजूत कोसळली आणि ती समजूत कोणा साध्यासुध्या माणसाची नव्हती, सतराव्या शतकातल्या थोर फ्रेंच गणितज्ञाची, पियर द फर्माची होती. आणि ती चूक कशी पकडली गेली हे समजून घेता घेता निम्मा अंकगणिताचा सिद्धांत आपोआप डोक्यात बसतो. म्हणून आज फक्त ही एकच संख्या घेऊया आणि तिला सगळ्या बाजूंनी नीट बघूया.

आधी ती आली कुठून ते. २ ला २ ने गुणत राहा, ३२ वेळा २ घेतले की ४,२९,४९,६७,२९६ येतात, त्यात १ मिळवला की आपली संख्या. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. कॉम्प्युटरवाल्यांना २ चा ३२वा घात तोंडपाठ असतो, ३२ बिटमध्ये ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्या संख्या मावतात आणि जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस पण बरोबर तेवढेच, म्हणजे २ चा ३२वा घात इतकेच असतात. आपली संख्या त्या ३२ बिटच्या डब्यात बसत नाही, तिला ३३वा बिट लागतो. बायनरीत ती लिहिली तर १, मग ३१ शून्यं, मग परत १. उलटी वाचा, सुलटी वाचा, सारखीच. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत मात्र हे रूप पूर्ण झाकलं जातं, म्हणूनच ती इतकी सामान्य दिसते.

आता शाळेतल्या कसोट्या लावून बघू. शेवटी ७ आहे म्हणजे २ आणि ५ ने भाग जाणार नाही (शेवटी ७ का? २ च्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो, ३२ ला ४ ने भाग जातो म्हणून ६, अधिक १ म्हणजे ७). अंकांची बेरीज ५९, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे संख्येलाही नाही. ७, ११ आणि १३ एकदमच तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन तीन अंकांचे गट करा, २९७, ९६७, २९४ आणि ४, आणि एकाआड एक अधिक-वजा करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला ७, ११, १३ यातल्या कोणानेच भाग जात नाही. संपलं. असं करत पुढे जात राहिलात तर १७, १९, २३, २९, काहीच लागत नाही, आणि हळूहळू वाटायला लागतं की ही बहुतेक मूळ संख्याच असणार.

फर्मालाही तसंच वाटलं होतं. १६४० मध्ये त्याने पत्रांतून असं मांडलं की २ चा घात घ्या, पण घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढत जाणाराच घ्या, त्यात १ मिळवा, दर वेळी मूळ संख्याच येईल. (दुपटीचाच का, तर घातांकात १ पेक्षा मोठा विषम भाग असला की संख्या फुटतेच, उदाहरणार्थ २ चा सहावा घात अधिक १ म्हणजे ६५, तिला ५ ने भाग जातो.) बघा, ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही खरोखर मूळ आहेत. सहावी म्हणजे आपली संख्या. सिद्धता आपल्याकडे नाही हे फर्माने स्वतःच लिहिलं होतं, पण त्याचा विश्वास पक्का होता. आणि पाचपैकी पाच बरोबर आल्यावर कोणाचाही बसेल.

तपासायचं म्हटलं तर किती काम होतं? एखादी संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ६५५३६ च्या अगदी किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ६५४२. म्हणजे कागद आणि शाई घेऊन ६५४२ मोठे भागाकार, वाईटात वाईट.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या तरुण गणितज्ञाला पत्रात सहज विचारलं की फर्माचं हे म्हणणं माहीत आहे का. ऑयलर तेव्हा २२ वर्षांचा, सेंट पीटर्सबर्गला होता. आणि १७३२ मध्ये, पंचविशीत, त्याने सांगितलं की सहावी संख्या मूळ नाही, तिला ६४१ ने भाग जातो.

हा भागाकार स्वतः करून बघा, खरंच करा, दोन मिनिटं लागतात. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६, बाकी ४४८. पुढचा ९ खाली घेतला, ४४८९, सात वेळा म्हणजे ४४८७, बाकी २. ६ घेतला, २६, भाग जात नाही, वर ०. ७ घेतला, २६७, तरी नाही, परत ०. २ घेतला, २६७२, चार वेळा म्हणजे २५६४, बाकी १०८. ९ घेतला, १०८९, एकदा, बाकी ४४८. अरे, हे ४४८ मघाशीच येऊन गेले ना! तेव्हा वरून ९ उतरला होता आणि २ उरले होते, आता वरून ७ उतरतो, ४४८७, बरोबर सात वेळा, बाकी शून्य. भागाकार ६७,००,४१७. मी पहिल्यांदा हा भागाकार हाताने केला तेव्हा ते दुसऱ्यांदा आलेले ४४८ बघून शेवटचा अंक खाली घ्यायच्या आधीच कळलं होतं की हे आता सुटणार, आणि तो आनंद काही वेगळाच होता.

आता खरा प्रश्न. ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे, म्हणजे ओळीने भागत गेलं तरी ११६व्या भागाकाराला सापडली असती, ६५४२ पर्यंत जायची वेळच आली नसती. पण त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे ११६ सुद्धा करायची गरज नाही, पाच पुरतात. याचं कारण ऑयलरने काही वर्षांनी सविस्तर मांडलं, आणि ते कारण म्हणजे या सगळ्या गोष्टीचा प्राण आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

आधी छोटं उदाहरण. २ च्या घातांना १७ ने भागत जा आणि फक्त बाकी लिहा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, आणि मग परत २, ४, ८. आठांचं चक्र आहे. चक्राच्या बरोबर मध्यावर, चौथ्या जागी, १६ आहे, म्हणजे १७ ला एक कमी, म्हणजेच बाकी −१. त्याचा वर्ग केला की आठव्या जागी +१. आता फर्माचाच एक सिद्धांत आहे, छोटा सिद्धांत म्हणतात त्याला, की कुठल्याही मूळ संख्येसाठी, समजा तिला प म्हणू, प ने भाग न जाणाऱ्या संख्येचा (प−१)वा घात घेतला की प ने भागून बाकी १ उरते. म्हणजे (प−१) पावलांनंतर आपण परत १ वर असतो, म्हणजे चक्राची लांबी (प−१) मध्ये पूर्ण पूर्ण बसलीच पाहिजे. इथे ८ हा १६ मध्ये दोनदा बसतो, बरोबर.

तेच आता आपल्या संख्येला लावा. समजा एखादी मूळ संख्या प तिला भागते. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १ ला भाग जातो, म्हणजे २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. वर्ग केला, ६४व्या घाताची बाकी १. चक्र ६४ ला बंद होतंय, म्हणून त्याची लांबी ६४ चा विभाजक असणार, पण ३२ किंवा त्याहून लहान असती तर ३२व्या जागी +१ आला असता, तिथे तर −१ आहे, म्हणून लांबी बरोबर ६४. आणि ती (प−१) मध्ये पूर्ण बसली पाहिजे. म्हणजे या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एक जास्त असणार, दुसरा असूच शकत नाही!

आता यादी किती छोटी झाली बघा. ६५, १२९ मूळ नाहीत. १९३ मूळ, २५७ मूळ, ३२१ आणि ३८५ नाहीत, ४४९ मूळ, ५१३ नाही, ५७७ मूळ, ६४१ मूळ. पाचवाच नंबर. कुठे शोधायचं हे कळलं की शोधणं जवळजवळ संपतंच.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता पण दाखवता येतं, आणि ही युक्ती इतकी छोटी आहे की एकदा बघितली की विसरत नाही. ६४१ दोन प्रकारे लिहा. एक, ५ × १२८ + १, म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. दोन, ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २ चा सातवा घात याची बाकी −१. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या, ५ चा चौथा × २ चा २८वा, बाकी १. पण दुसऱ्यावरून ५ चा चौथा घात आणि उणे २ चा चौथा घात यांची बाकी एकच, म्हणून ५ काढून २ टाका, उणे २ चा ३२वा घात, बाकी १. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, बाकी शून्य. झालं.

मग ६७,००,४१७ चं काय, ती अजून फुटते का? इथे तर गंमत आहे. १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेतले तरी चालतं, म्हणजे आपल्या संख्येचे मूळ विभाजक १२८ च्या पटीपेक्षा एक जास्तच असतात. ६७,००,४१७ चं वर्गमूळ साधारण २५८८. तिथपर्यंत या साच्यातल्या मूळ संख्या किती, तर २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९, बास. २५७ ही फर्माच्या त्या पाच मूळ संख्यांपैकीच एक आहे आणि तिने भाग जाऊ शकत नाही (का ते पुढे येतंच आहे). राहिल्या चार. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७,००,४१७ मूळ आहे. सदुसष्ट लाखांच्या घरातली संख्या मूळ आहे हे चार भागाकारांत सिद्ध!

त्यामुळे बाकीची माहिती पटकन सांगता येते. विभाजक चारच, १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९, म्हणजे संख्येच्या पाचशेव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ४,२८,८२,६६,२४०, म्हणजे जवळजवळ सगळ्याच.

आता वर्गांकडे येऊ. आपली संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे तर उघडच आहे. पण ती अजून एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. करून बघा, ३,८७,६८,०५,६९६ अधिक ४१,८१,६१,६०१. आणि नियम असा आहे की मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होत असेल तर ती एकाच प्रकारे होते. दोन प्रकार सापडले म्हणजे संख्या मूळ नाही, विभाजक माहीत असो वा नसो. हा दुसरा प्रकार येतो कुठून? ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग (तेच ६२५ आणि १६, मघाचेच), आणि ६७,००,४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. अशा दोन बेरजांचा गुणाकार परत दोन वर्गांची बेरीज होतो, हे सूत्र ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जातं. चार गुणाकार करा. २५ × २५५६ = ६३,९००, ४ × ४०९ = १६३६. २५ × ४०९ = १०,२२५, ४ × २५५६ = १०,२२४. पहिल्या दोघांची बेरीज ६५,५३६ आणि दुसऱ्या दोघांची वजाबाकी १, हा पहिला प्रकार. पहिल्या दोघांची वजाबाकी ६२,२६४ आणि दुसऱ्या दोघांची बेरीज २०,४४९, हा दुसरा. १०,२२५ आणि १०,२२४ यांच्यात जो एकच एक फरक आहे ना, तोच आपल्या संख्येतला शेवटचा ‘अधिक १’ आहे. मला हे बघून दर वेळी तितकंच छान वाटतं.

विभाजक न सापडताही संख्या मूळ नाही हे कळण्याचा अजून एक रस्ता आहे आणि तो फर्माच्या स्वतःच्या हातात होता. त्याचाच छोटा सिद्धांत वापरायचा. ३ घ्या, वर्ग करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, परत वर्ग, परत बाकी, असं ३२ वेळा. संख्या मूळ असती तर शेवटी १ उरायला हवा होता. प्रत्यक्षात उरतात ३,०२,९०,२६,१६०. ३२ वर्ग आणि ३२ भागाकार, एवढ्यावर निकाल लागतो. मात्र ३ च्या जागी २ घेतला असता तर फसगत झाली असती, कारण पाचव्या वर्गाला −१ येतो, सहाव्याला १, आणि मग शेवटपर्यंत १ च राहतो. म्हणजे २ च्या परीक्षेत ही संख्या मूळ असल्यासारखीच पास होते.

आता राहिलेलं २५७ चं. आपल्या संख्येतून २ वजा करा, ४,२९,४९,६७,२९५. ही बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ आहे, आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा (फर्माच्या त्या साच्यातल्या संख्यांना हेच नाव आहे) गुणाकार. कारण सोपं आहे, २ चा ३२वा घात वजा १ म्हणजे (२ चा १६वा घात वजा १) गुणिले (२ चा १६वा घात अधिक १), आणि पहिला कंस असाच परत परत फुटत जातो. म्हणजे २५७ ने ती गुणाकाराची संख्या पूर्ण भागली जाते, मग तिच्यापेक्षा २ ने मोठ्या असलेल्या आपल्या संख्येला भागल्यावर बाकी २ च उरणार. ३, ५, १७, ६५५३७ यांचंही तेच. कुठल्याही दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, आणि फर्मा संख्या तर न संपणाऱ्या आहेत, प्रत्येकीचे मूळ विभाजक नवे, म्हणजे मूळ संख्याही कधी संपत नाहीत, ही सिद्धता गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला पत्रात लिहिली होती.

या ४,२९,४९,६७,२९५ ला भूमितीतही जागा आहे. १७९६ मध्ये गाउस या जर्मन गणितज्ञाने, वयाची १९ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी, फक्त पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवलं. विषम बाजूंचे असे बहुभुज तेव्हाच काढता येतात जेव्हा बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असते. मूळ फर्मा संख्या आजवर फक्त त्या पाचच सापडल्यात, म्हणून माहीत असलेला सगळ्यात मोठा विषम बाजूंचा बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. आपली संख्या मूळ असती तर तीही त्या यादीत बसली असती.

आणि फर्माचं म्हणणं नुसतं एका जागी चुकलं नाही. पुढची, २ चा ६४वा घात अधिक १, तिला २,७४,१७७ ने भाग जातो, हे लाँद्रीने १८८० मध्ये दाखवलं. त्यानंतरच्याही, २ च्या घातांकात २ चा ३२वा घात असलेल्या फर्मा संख्येपर्यंत, एकही मूळ निघाली नाही. त्याच्या लगेच पुढच्या संख्येबद्दल अजून काहीच ठरलेलं नाही, तिच्यात २५८ कोटींहून जास्त अंक आहेत. आणि मधल्या काही तर अशा आहेत की त्या फुटतात एवढंच पक्कं कळलंय, विभाजक एकही हाती लागलेला नाही. त्यातली एक, जिच्या घातांकात २ चा २४वा घात आहे, पन्नास लाखांहून जास्त अंकांची, ती मूळ नाही हे १९९९ मध्ये ३ चे वर्ग करत जाण्याच्या त्याच पद्धतीने कॉम्प्युटरवर तपासलं गेलं. तिचा विभाजक ज्या दिवशी कोणाला सापडेल त्या दिवशी त्यातून १ वजा करून बघा, ६,७१,०८,८६४ ने पूर्ण भाग जाईल.